चार इंच उंच

माझ्याकडे इलेक्ट्रिक पिकअप ट्रक आहे, हे टेक्सासातल्या फ्रिस्कोमधल्या बहुतेक मराठी लोकांना माहीत आहे. माझ्याबद्दल त्यांना आणखी काय माहीत आहे, ते मला सांगता येणार नाही.

ट्रक घेतला तो घटस्फोटानंतरच्या वर्षी. पार्सिपनीचं आमचं जुनं घर बायकोकडे राहिलं, मला टेक्सासात नोकरी मिळाली, आणि चार बेडरूमचं घर घेऊन मी एकटा त्यात राहायला आलो. चार बेडरूम का, तर आमच्या वस्तीत त्याहून लहान घर विकायलाच नव्हतं. ट्रक का, याला मात्र तेवढंही उत्तर नाही. आमच्यातली माणसं सात सीटची गाडी घेतात, मागे मुलांच्या सायकली टांगतात. मी एकदा त्या ट्रकमध्ये नुसता बसून बघायला गेलो, आणि घ्यावा की नाही हे आता कुणालाच विचारायचं नाहीये हे लक्षात आल्यावर सही करून मोकळा झालो. पुण्याला भावाला फोटो पाठवला. त्याने उलट विचारलं, "शेती घेतलीस का रे?"

पहिला फोन आला तो एका गादीसाठी. इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीने कुणाकडून तरी मोठी गादी घेतली होती आणि ती तो आपल्या गाडीच्या टपावर दोरीने बांधून हायवेवरून आणणार होता. मी गेलो, गादी ट्रकच्या हौद्यात टाकली, त्याच्या घरी पोचवली. त्याच्या बायकोने चहा दिला. मग हळदीकुंकवाची टेबलं आली, मग पथकाचे ढोल, मग मखराचे पाइप. माझ्या ट्रकच्या हौद्यात घरातल्यासारखे प्लग आहेत आणि बॅटरी एवढी दांडगी की पार्कात माइक, स्पीकर आणि चहाचं मोठं भांडं एकाच वेळी चालतं. दोन वर्षांत असं झालं की मंडळाचा कुठलाही कार्यक्रम ठरला की माझी शनिवारची सकाळ आपोआप ठरायची. मीटिंगमध्ये कुणीतरी विचारायचं, "सामानाचं काय?" आणि सेक्रेटरी मान वर न करता म्हणायचा, "आपला ट्रक आहे ना."

त्या 'आपला'ने माझा घात केला. मराठीत 'आमचा' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो आणि 'आपला' म्हटलं की तो आत येतो. दिवसभर इंग्रजीत बोलणाऱ्या माणसाला हे विसरायला होतं, कारण तिकडे दोन्हीला मिळून एकच शब्द आहे. लग्नाच्या शेवटच्या काही वर्षांत आमच्या घरात 'तुझं' आणि 'माझं' एवढंच उरलं होतं. तुझा फोन वाजतोय, माझा टॉवेल कुठे आहे. त्यानंतर कुणीतरी भरल्या मीटिंगमध्ये 'आपला' म्हणालं. तो शब्द मी ट्रकवरून अलगद उचलला आणि स्वतःला लावून घेतला. शाळेत व्याकरणात मी बरा होतो, तरी ही चूक केली. विशेषण ट्रकचं होतं.

ही चूक कळली ती दिवाळीच्या कार्यक्रमात. फराळाच्या टेबलापाशी सेक्रेटरी खिसे चाचपत होता. "फोन कुठे ठेवला यार मी? जरा रिंग दे ना." मी रिंग दिली. फोन आमच्या समोरच, चिवड्याच्या ट्रेमागे वाजायला लागला. स्क्रीन वर होती आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात आलं होतं, 'ट्रक'. नुसतं ट्रक. पुढे 'वाला' नाही की काही नाही. त्यानेही पाहिलं आणि मीही. तो म्हणाला, "अरे, ते जुनं सेव्ह केलेलंय, यार." मी हसलो, चकली घेतली, आणखी दोन माणसांशी बोललोसुद्धा. घरी पोचेपर्यंत मात्र माझं डोकं फिरलं होतं.

या देशात ट्रक उंच करायचा एक नादच आहे. त्यासाठी किट मिळतात. स्प्रिंगांवर बसवायच्या जाड ॲल्युमिनियमच्या चकत्या, लांब बोल्ट, चाकाला वरून धरून ठेवणारे नवे दांडे, असं सगळं एका खोक्यात येतं. लोक ते चिखलातून आणि दगडधोंड्यांवरून जाण्यासाठी बसवतात. फ्रिस्कोत सगळ्यात मोठा उंचवटा म्हणजे इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमधला स्पीड ब्रेकर. मी किट मागवलं ते निव्वळ चिडून. हौदा इतका वर गेला पाहिजे की मंडळातल्या एकाही काकांना त्यात टेबल ठेवता येऊ नये, हा माझा शुद्ध हेतू होता. ऑफिसमध्ये मी 'ग्राउंड क्लिअरन्स' असं कारण सांगितलं.

उत्तरेला तासाभराच्या अंतरावर एका लहान गावात हे काम करणारा मेकॅनिक होता. म्हातारा, शांत, बोलण्याआधी हात पुसणारा. त्याने चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेप लावून चारही बाजूंची मापं घेतली आणि भिंतीवर खडूने लिहून ठेवली. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "उंच होईल. पण एका चार्जवर जायची रेंज कमी होईल. शिवाय चाकाकडे जाणारे ॲक्सल तिरके फिरतील आणि त्यांचे सांधे लवकर झिजतील. पेट्रोलच्या ट्रकमध्ये ती कटकट इंजिनाच्या आवाजात झाकून जाते. यात झाकायला काही नाही. जे दुखेल ते ऐकू येईल." मी म्हटलं, चालेल. "काय वाहतोस यातून?" त्याने विचारलं. "टेबलं," मी म्हणालो. त्याने पुन्हा हात पुसले आणि कामाला लागला. मी दिवसभर तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिलो. घरी जाऊन बसलो असतो तरी खुर्चीवरच बसलो असतो.

किटचे चार इंच, वर मोठ्या टायरचे आणखी दीड. ट्रक परत आणला तेव्हा मलाच दाराची कड धरून वर चढावं लागलं.

संक्रांतीच्या कार्यक्रमाला माझा बेत सफल झाला. दोन काकांनी टेबल उचललं, छातीपर्यंत नेलं, आणि तिथेच अडकले. तिसरे मदतीला आले आणि कंबर धरून मागे सरले. सेक्रेटरी बघत राहिला. "हे काय करून ठेवलंस यार? लोड कसं करायचं आता?" मी म्हटलं, "बघा बुवा." मनातून मला काय आनंद झाला होता! पुढच्या मीटिंगमध्ये सामानाचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "भाड्याचा घेऊ, रॅम्पसकट मिळतो." आणि माझ्याकडे वळून, अगदी प्रेमाने, "तुझा ट्रक राहू दे, उगाच त्रास नको तुला."

तुझा. चार इंचांत मी 'आपला'मधून 'तुझा'मध्ये आलो.

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, कुणीतरी फोन करेल. रागावलास का, म्हणून विचारेल. मी आधी नाही म्हणेन, मग थोडं बोलेन, मग सगळं सुरळीत होईल. रुसायचं तर समजूत काढणारं माणूस आधी लागतं, एवढी साधी गोष्ट मी विसरलो होतो. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. शनिवारी सकाळी मी जुन्या सवयीने सातला उठायचो, चहा घ्यायचो, आणि बूट घालून सोफ्यावर बसायचो. फोन वाजला तर तो दाताच्या डॉक्टरांचा असायचा.

मग मी ट्रक घेऊन उगाच फिरायला लागलो. आमच्या वस्त्यांत घरांच्या मागून अरुंद गल्ल्या जातात, आणि गल्लीच्या दोन्ही अंगांना पुरुषभर उंचीची लाकडी कुंपणं असतात. आधी ट्रकमधून फक्त फळ्या दिसायच्या. आता कुंपणापलीकडचं दिसायला लागलं. कुणाची ट्रॅम्पोलिन, कुणाचं झाकून ठेवलेलं ग्रिल, कुणी कुंडीत लावलेला कढीपत्ता, थंडीने काळा पडलेला. ट्रकला आवाज नाही, त्यामुळे कुणी मान वळवून बघत नसे. मी दुसऱ्यांच्या परसातून असा हळूहळू जायचो आणि मला बरं वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी मी सेक्रेटरीच्या घरामागच्या गल्लीत होतो. योगायोगाने, असं म्हणायला आवडलं असतं, पण ती गल्ली पुढे बंद आहे, तिथून कुठेच जाता येत नाही. परसात वीस-पंचवीस माणसं होती. सगळी मंडळातली. मी ज्यांची गादी नेली ती, ज्यांचे ढोल नेले ती. मध्ये तीच घडीची टेबलं मांडलेली, त्यांवर पावभाजीचे ट्रे, कुणाचा तरी वाढदिवस असावा. कुणीतरी विनोद केला आणि सगळे एकदम हसले. मी ब्रेकवर पाय ठेवून बघत राहिलो. माझी नजर फिरत फिरत कोपऱ्यातल्या झोपाळ्यावर गेली. तिथे सेक्रेटरीच्या आई बसल्या होत्या, मांडीवर कागदी प्लेट घेऊन, एकट्याच. त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या. कुंपणाच्या वर एका पन्नाशीच्या माणसाचं डोकं, एवढंच त्यांना दिसलं असणार. मी ट्रक मागे घेतला. तिरक्या ॲक्सलची कटकट त्या गल्लीत मला केवढी मोठी वाटली. तोंड लपवायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"काल कुंपणावरून डोकावत होतास, तो तूच ना रे?"

मी म्हटलं, "हो, काकू."

"मग आत का नाही आलास?"

"बोलावलं नव्हतं."

"अस्सं. आणि तू कुणाला बोलावलंस आजवर तुझ्या घरी?"

मी आठवायला लागलो. चार बेडरूमच्या त्या घरात तीन वर्षांत एसीवाला आला होता आणि दोनदा प्लंबर. काकू म्हणाल्या, "तेच म्हणते मी. मुलाच्या फोनमधून तुझा नंबर काढलाय, 'ट्रक' लिहिलंय तिथे. नाव काय तुझं?"

मी नाव सांगितलं. ते किती दिवसांनी मराठी उच्चारात सांगत होतो! त्यांनी ते एकदा म्हणून बघितलं आणि पुढे म्हणाल्या, "मला सांग, वरून काय काय दिसतं? मी इथे आल्यापासून त्या फळ्याच बघतेय. पलीकडे कोण राहतं ते पण ठाऊक नाही."

मी सांगत गेलो. त्यांच्या शेजारी एक चिनी आजोबा आहेत, सकाळी हळूहळू हात फिरवत व्यायाम करतात. पलीकडच्या घरात दोन कासवं आहेत टबमध्ये. कोपऱ्यावरच्यांनी पोहण्याचा तलाव बांधलाय आणि त्यात कधी कुणी उतरत नाही. त्या मध्येमध्ये 'अगंबाई' म्हणत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आणि आमच्याकडे काय दिसलं?"

"तुम्ही एकट्या बसला होतात," मी बोलून गेलो.

"हो रे," त्या म्हणाल्या. "सगळे विचारून जातात, काकू काही हवं का, काकू काही हवं का. बसत कुणी नाही."

असे पुढे चार-पाच फोन झाले. दुपारी, घरी कुणी नसताना. काकू सातारच्या, शाळेत चित्रकला शिकवायच्या, गुडघे गेलेले, गाडी चालवता येत नाही, मुलगा आणि सून दोघंही आठ वाजता बाहेर. एकदा म्हणाल्या, "मला तुझ्या घरी ने एकदा. आणि जाताना त्या कासवांच्या गल्लीतून ने." मी म्हटलं, "नक्की, काकू. पण ट्रक फार उंच आहे, तुम्हाला चढता येणार नाही. आधी तो खाली करून घेतो." त्या म्हणाल्या, "एखादं स्टूल आण ना." मी म्हटलं, "नको, पडाल बिडाल. नीट करूनच येतो."

ट्रक खाली आला की कासवं दिसणार नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी ते त्यांना सांगितलं नाही.

आता मला या कामाने झपाटलं. लिफ्ट किट काढून ट्रक मूळ उंचीला आणणं सोपं होतं, पण मूळ उंचीसुद्धा काकूंच्या गुडघ्यांना जास्तच होती. म्हणून मी लोअरिंग किट शोधलं, म्हणजे आखूड स्प्रिंगा, ज्यांनी ट्रक मूळपेक्षाही दोन इंच खाली बसतो. इलेक्ट्रिक ट्रकचं वजन सोसणाऱ्या अशा स्प्रिंगा फार कुणी बनवत नाही. त्या यायला तीन आठवडे लागणार होते. मी थांबलो. त्या दिवसांत मी घर आवरलं. डायनिंग टेबलाच्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर कपडे असायचे, ते उचलले. सोफा खोल होता, त्यातून उठताना गुडघ्यांना त्रास होईल म्हणून हातांची उंच खुर्ची आणली. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला. पिठलं दोनदा करून बघितलं. दुसऱ्यांदा बरं झालं. काकूंना फोन मात्र केला नाही. एकदम दारात ट्रक उभा करायचा आणि म्हणायचं, बसा, अशी माझी हौस. त्यांचाही फोन आला नाही, आणि मी कामाच्या नादात होतो म्हणून मला ते खटकलं नाही.

मेकॅनिकने मला ओळखलं. भिंतीवर माझ्या ट्रकची जुनी मापं अजून होती. "वर नेलास, आता खाली. मधल्या काळात काय झालं?" त्याने विचारलं. "घरी पाहुण्या येणार आहेत," मी म्हणालो. बहुधा वर्षभरात मी अनोळखी माणसाला एवढ्या आनंदाने दुसरं काही सांगितलं नसेल. संध्याकाळपर्यंत काम झालं, टायरही पुन्हा मूळचे लहान बसले. दार उघडून मी नुसता सरकून आत बसलो. गल्लीतून येताना पुन्हा फक्त फळ्या दिसल्या आणि मला त्याचं काही वाटलं नाही. कटकटही थांबली होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार. इस्त्रीचा शर्ट घालून मी सेक्रेटरीच्या दारात ट्रक उभा केला, फुटपाथला अगदी लागून. दार त्याच्या बायकोने उघडलं.

"अय्या, भाऊजी! या ना."

"काकू आहेत ना?"

"आई? आई गेल्या की हो. मागच्या शुक्रवारी. गुडघा फारच सुजला अचानक, इकडचं ऑपरेशन त्यांच्या इन्शुरन्समध्ये बसेना, मग परतीचं तिकीट अलीकडचं केलं. चार दिवस नुसती धावपळ. त्या तर फोनवर बोलायच्याही मन:स्थितीत नव्हत्या." मग ती म्हणाली, "तुमची आठवण काढत होत्या. एअरपोर्टला निघताना दारातच बसून राहिल्या. म्हणे, तो येणार आहे, न्यायला येतो म्हणालाय. दहा मिनिटं थांबलो आम्ही. हे म्हणालेसुद्धा, सामान खूप आहे, त्याच्याच ट्रकमधून नेलं असतं, पण आता तो उंच करून बसलाय, आईंना चढवणार कसं. मग व्हॅन केली भाड्याने."

मी "हो का" म्हणालो. परत कधी येणार, असं विचारलं, तर ती म्हणाली, "आता कुठलं हो येणं."

मग तिची नजर माझ्या मागे रस्त्याकडे गेली. "अरे, खाली केलात का ट्रक? किती बरं झालं! भाऊजी, एक काम होतं. आईंचा पलंग गॅरेजमध्ये काढून ठेवलाय, दान करायचाय. आज सेंटर चारपर्यंत उघडं आहे. हे नेमके ऑफिसच्या कामाला गेलेत, आणि मला काही तो उचलणार नाही. न्याल का?"

मी हो म्हणालो. हो म्हणताना मला बरंसुद्धा वाटलं, ते लपवत नाही.

पलंग खोलून त्याचे भाग केलेले होते. डोक्याकडच्या फळीला मागच्या बाजूने, भिंतीकडे असते तिथे, पेन्सिलने काढलेली दोन कासवं होती. लहानशी, एकामागे एक, आणि मी फोनवर सांगितलं होतं तसा टबही. मी ती फळी चित्राची बाजू खाली करून सगळ्यात शेवटी ठेवली. हौदा इतका खाली आला होता की सगळं सामान मी एकट्यानेच चढवलं.